होगार्थचे ‘द ग्रॅहम चिल्ड्रन’ : घड्याळ, मांजर आणि धाकटा थॉमस

काजळरेघ

विल्यम होगार्थ याचे नाव चित्रकलेच्या चर्चेत निघते ते बहुधा त्याच्या बोचऱ्या चित्रमालिकांमुळे. पैशासाठी जुळवलेली लग्ने, विकत घेतलेली मते, जिनच्या नशेत हातातून मूल निसटून पडले तरी शुद्धीवर नसलेली आई, असा अठराव्या शतकातला लंडनचा सगळा बाजार त्याने इतक्या निर्दयपणे मांडला आहे, की या माणसाने कधी एखाद्या सुखवस्तू घराचा दिवाणखाना आणि त्यातली खेळणारी मुले शांतपणे रंगवली असतील यावर पटकन विश्वास बसत नाही. तरी १७४२ साली त्याने तसे चित्र रंगवले. ‘द ग्रॅहम चिल्ड्रन’ या नावाचे ते तैलचित्र लंडनच्या ट्राफल्गार चौकातील नॅशनल गॅलरीत आहे. ते खरोखर किती शांत आहे, याविषयी येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी चित्राचा आकार ध्यानात घ्यावा. ते १६०.५ सेंटिमीटर उंच आणि १८१ सेंटिमीटर रुंद आहे. त्या काळात इंग्लंडमध्ये कुटुंबाची घरगुती चित्रे काढवून घेण्याची टूम होती. त्या प्रकाराला ‘कॉन्व्हर्सेशन पीस’ म्हणत, आणि त्यातली माणसे सहसा वीतभर उंचीची असत. होगार्थने स्वतः १७३० च्या आसपास अशी अनेक छोटी चित्रे काढून नाव आणि पैसा मिळवला होता. येथे मात्र त्याने मुले जवळजवळ प्रत्यक्षात असतात तेवढी मोठी रंगवली आहेत. एरवी इतका मोठा कॅनव्हास सरदार, सेनापती आणि राजपुत्र यांच्यासाठी राखून ठेवलेला असे. ही मुले तर डॅनिएल ग्रॅहम या अपॉथेकरीची, म्हणजे औषधे कुटून, मिसळून देणाऱ्या आणि प्रसंगी रुग्णाला सल्लाही देणाऱ्या व्यावसायिकाची होती. ग्रॅहम हा राजाचा आणि चेल्सीच्या सैनिकी रुग्णालयाचा अपॉथेकरी असल्यामुळे घरात पैसा होता, तरी त्याची गणना उमरावांत होत नव्हती.

चित्रात एकही मोठे माणूस नाही. डाव्या हाताला सोनेरी कोरीवकामाच्या छोट्या गाडीत सर्वांत धाकटा थॉमस बसला आहे. त्याच्या शेजारी जमिनीवर फळांनी भरलेली चांदीची टोपली आहे. त्याच्यामागे उभी असलेली थोरली हेन्रिएटा कॅथरीन निळ्या पोशाखावर पांढरा एप्रन बांधून एका हाताने त्याचा हात धरते आणि दुसऱ्या हातात चेरीची जोडी अशी धरते, की ती बाळाला दिसावी पण लागू नये. मधली अ‍ॅना मारिया झग्याचा घोळ दोन्ही हातांनी चिमटीत धरून नाचाच्या पवित्र्यात उभी आहे. उजवीकडे खुर्चीवर रिचर्ड रॉबर्ट एक छोटी वाद्यपेटी हाताने फिरवत आहे आणि मान वर करून पिंजऱ्यातल्या गोल्डफिंच पक्ष्याकडे कौतुकाने पाहत आहे. पक्षी फडफडतो आहे आणि आपल्या संगीताने तो रंगात आला, अशी रिचर्डची समजूत चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

पक्षी फडफडतो त्याचे कारण मात्र वेगळे आहे. रिचर्डच्याच खुर्चीच्या पाठीवर पंजे रोवून एक पट्टेदार मांजर वर आले आहे. त्याचे डोळे विस्फारलेले आहेत, कान ताठ आहेत आणि नखे खुर्चीत रुतली आहेत. चौघांपैकी एकाही मुलाला त्याचा पत्ता नाही.

आता डावीकडे परत यावे. थॉमसच्या बाजूला, मागच्या अंधाऱ्या भागात एक घड्याळ आहे आणि त्याच्या माथ्यावर एक पंखवाले बाळ हातात विळा घेऊन उभे आहे. हा लांब दांड्याचा विळा युरोपीय चित्रांत काळाचे आणि मृत्यूचे शस्त्र म्हणून येतो. हे चित्र तयार होत होते त्याच काळात थॉमस वारला. म्हणजे ग्रॅहम कुटुंबाने हे चित्र भिंतीवर लावले तेव्हा त्यातली तीनच मुले घरात होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या चित्रातला खरा विचार घड्याळापेक्षा मांजराच्या बाजूला आहे. घड्याळ आणि विळा हा सर्वांना ठाऊक असलेला ठोकळेबाज संकेत झाला. तो कोणत्याही चित्रकाराला सुचला असता. परंतु भीतीने तडफडणाऱ्या पक्ष्याला आनंदाने नाचणारा पक्षी समजणारा मुलगा रंगवणे, आणि ही गल्लत केवळ पाहणाऱ्यालाच दिसेल अशी मांडणी करणे, ही होगार्थची स्वतःची बुद्धी आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

जुनी पेटी

उत्तम धागा. रिचर्डच्या हातातल्या वाद्याबद्दल थोडे लिहितो, कारण त्यावाचून चित्राचा अर्धा विनोद हातातून निसटतो.

ते वाद्य म्हणजे सेरिनेट. अठराव्या शतकात पूर्व फ्रान्समध्ये ही पेटी बनू लागली. आत एक लाकडी रूळ असतो व त्यावर स्वरांच्या क्रमाने बारीक खिळे ठोकलेले असतात. दांडा फिरवला की तोच दांडा रूळही फिरवतो आणि भाताही हलवतो. खिळे एकेक झडप उचलतात आणि भात्यातली हवा छोट्या नळ्यांतून शीळ घालत बाहेर पडते. रूळ किंचित बाजूला सरकवला की खिळ्यांची दुसरी ओळ झडपांखाली येते आणि दुसरी धून वाजते. वाजवणाऱ्याला संगीत यावे लागत नाही, हात एका गतीने फिरला म्हणजे झाले. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती हे वाद्य देणे म्हणूनच स्वाभाविक वाटते.

या पेटीचा मूळ उपयोग पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना, विशेषतः कॅनरींना, धून शिकवण्यासाठी होई. एकच धून पुन्हा पुन्हा ऐकवायची आणि पक्षी ती उचलेपर्यंत वाट पाहायची. तेव्हा रिचर्ड खेळत आहे एवढेच नव्हे, तो शिकवत आहे. आपला विद्यार्थी शिकला अशा समजुतीत असलेला हा छोटा मास्तर आहे.

दुसरी गोष्ट पेटीच्या अंगावर आहे. तिच्या बाजूवर ऑर्फियसचे चित्र आहे. ग्रीक कथेतल्या या गायकाच्या वाद्याने हिंस्र श्वापदेही शांत होऊन भोवती बसत. रिचर्डच्या हातात तीच पेटी आणि पाठीशी कशानेच शांत न झालेले मांजर, ही जोडी होगार्थने हेतुपूर्वक जमवली आहे यात मला शंका नाही. त्याच कथेत ऑर्फियस मेलेल्या पत्नीला परत आणण्यासाठी पाताळात जातो, गाण्याच्या बळावर तिला जवळजवळ सोडवतो आणि अखेर रिकाम्या हाताने परत येतो. थॉमसची गोष्ट ठाऊक असलेल्या पाहणाऱ्याने हा धागा पकडला तर त्याला ओढाताण म्हणता येणार नाही.

उलटतपासणी

काजळरेघ ताई, लेखन आवडले. तरी विरोधी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो.

एखाद्या चित्रातले मूल पुढे वारले असे कळले, की त्या चित्रातली प्रत्येक वस्तू आपल्याला सुतकी दिसू लागते. फळे पिकलेली आहेत म्हणजे ती कुजणार, फुले आहेत म्हणजे ती कोमेजणार, पक्षी आहे म्हणजे तो आत्मा, असे हे गणित कोठेही लावता येते. प्रत्यक्षात १७४२ सालच्या श्रीमंत घरात चांदीची टोपली असे कारण मालकाला चांदी दाखवायची असे, आणि विळेवाल्या बाळाचे घड्याळ असे कारण तशी घड्याळे बाजारात मिळत. मांजर आणि पिंजरा ही जोडी तर डच चित्रकारांनी शंभर वर्षे वापरून गुळगुळीत केलेली होती.

शिवाय होगार्थ हा जात्याच थट्टेखोर होता. वेश्येच्या जीवनावरील त्याच्या चित्रमालिकेतही मांजर आहे, आणि तेथे त्याचे काम केवळ चावट शेरा मारण्याचे आहे. कुलीन मुलांच्या गोड चित्रात एक वात्रट मांजर घुसवून द्यावे आणि गिऱ्हाइकाला हसवावे, एवढाच त्याचा मतलब असू शकतो. आई-वडिलांनी दाम मोजून काढवलेल्या चित्रात चित्रकाराने त्यांना मृत्यूचे प्रवचन द्यावे, हे व्यवहाराला धरून वाटत नाही.

काजळरेघ

उलटतपासणी, आपला मुद्दा रास्त आहे आणि चांदीच्या टोपलीपुरता तो मला पूर्ण मान्य आहे. ती टोपली पाहताना मला मृत्यू आठवत नाही. होगार्थच्या वडिलांनी मांडलेले कॉफीगृह बुडाल्यावर त्यांना कर्जापायी फ्लीट तुरुंगाच्या हद्दीत राहावे लागले होते. त्याचे बालपण त्या कर्जाच्या छायेत गेले आणि पुढे चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे त्याने उमेदवारी केली. त्यामुळे चांदी रंगवताना त्याच्या हाताला वेगळाच आनंद होतो, हे त्या टोपलीच्या कडांवर टाकलेल्या पांढऱ्या रंगाच्या आटोपशीर फटकाऱ्यांतून दिसते.

परंतु मांजर गमतीचे आहे म्हणून ते गंभीर नाही, हा निष्कर्ष मला पटत नाही. चित्रात कोण कोणाकडे पाहते याचा हिशेब करून पाहावा. बाळाचा जीव चेरीत अडकला आहे. रिचर्ड पक्ष्याकडे पाहतो, मांजरही पक्ष्याकडेच पाहते, दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळली आहे आणि दोघांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. पक्ष्याला मांजर दिसते. हेन्रिएटा मात्र आपल्याकडे, म्हणजे चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे, पाहते. आणि या चित्रासमोर सर्वप्रथम कोण उभे राहणार होते? मुलांचे आई-वडील. ज्यांना मुलांपेक्षा जास्त दिसते, संकट कोठून येते ते कळते आणि तरी चौकटीत हात घालून मांजर हाकलता येत नाही, अशी ती जागा आहे. वडील औषधांचे जाणकार होते, राजाच्या घराला औषधे पुरवत होते, आणि आपल्या मुलाला वाचवू शकले नव्हते, हे लक्षात घेतले तर त्या जागेचा अर्थ आणखी बोचरा होतो. यात प्रवचन नाही. ज्यांनी दुःख भोगले त्यांना चित्रकाराने त्याची वेगळी शिकवणी दिलेली नाही, फक्त त्यांची जागा ओळखली आहे.

मांजराबद्दल आणखी एक. १७५१ मध्ये होगार्थने क्रौर्याच्या चार अवस्थांची मालिका काढली, तिच्या पहिल्याच चित्रात रस्त्यावरची मुले मांजरांचा आणि पक्ष्यांचा छळ करताना दाखवली आहेत. प्राणी आणि मुले यांच्यातले नाते निरागस असतेच असे नाही, हे त्याला नीट ठाऊक होते.

सांजवात

कपड्यांविषयी लिहिते, कारण पहिल्यांदा चित्र पाहणाऱ्या कित्येकांना थॉमस ही मुलगीच वाटते.

त्या काळी इंग्लंडमधल्या मुलग्यांना पहिली काही वर्षे मुलींसारखेच लांब झगे घालत. चार ते सात वर्षांच्या दरम्यान केव्हातरी त्यांना पहिली तुमान मिळे, आणि तो घरातला एक छोटा समारंभच असे. त्या दिवसापासून मुलगा बायकांच्या हाताखालून निघून पुरुषांच्या जगात गेला असे मानत. या चित्रात ते दोन्ही टप्पे समोरासमोर आहेत: उजव्या टोकाला कोट आणि तुमान घातलेला रिचर्ड, डाव्या टोकाला झग्यातला थॉमस. थॉमस त्या टप्प्यापर्यंत पोचलाच नाही.

हेन्रिएटाकडे पाहा. ती नऊ-दहा वर्षांची असावी, पण तिच्या अंगावर गृहिणीचा एप्रन आहे, डोक्यावर टोपी आहे आणि उभे राहण्याची ढब संपूर्णपणे आईची आहे. घरात मोठे कोणी नसताना धाकट्यांना सांभाळणारी थोरली बहीण कशी अचानक पोक्त होते, ते तिच्या किंचित ताणलेल्या चेहऱ्यावर मला दिसते. अ‍ॅना मारिया मात्र अजून पूर्ण मूल आहे. तिचा झगा धरण्याचा आविर्भाव नृत्यशिक्षकाने शिकवलेला, पण हसू स्वतःचे आहे.

आणि गोल्डफिंच हा पक्षीही होगार्थने सहज निवडला नसावा. ख्रिस्ती चित्रपरंपरेत बाळ येशूच्या हातात तो वारंवार दिसतो. क्रूसावर चढणाऱ्या येशूच्या कपाळातला काटा उपटताना रक्त उडाले आणि या पक्ष्याचे तोंड लाल झाले, अशी आख्यायिका आहे. फ्लॉरेन्सच्या उफिझी कलादालनातले राफाएल या इटालियन चित्रकाराचे चित्र याच पक्ष्यामुळे प्रसिद्ध आहे.

उलटतपासणी

सांजवात, गोल्डफिंच हा त्या काळी इंग्लंडमध्ये पिंजऱ्यात पाळला जाणारा अगदी सामान्य पक्षीही होता, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे. नजरांचा हिशेब मात्र मला विचार करायला लावणारा आहे. चित्राच्या आतच जो पुरावा आहे त्याला मी मानतो. बाहेरून आणलेल्या आख्यायिकांना नाही.

गवाक्ष

चर्चेत अजून एक संदर्भ यायला हवा, तो म्हणजे होगार्थ आणि फाउंडलिंग हॉस्पिटल.

होगार्थचे लग्न १७२९ मध्ये जेन थॉर्नहिल हिच्याशी झाले. त्यांना मूल झाले नाही. लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली अर्भके पाहून अस्वस्थ झालेल्या थॉमस कोरम या जुन्या दर्यावर्दी कप्तानाने वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १७३९ मध्ये टाकलेल्या मुलांसाठीच्या या संस्थेला राजाची सनद मिळवून दिली. होगार्थ हा तिच्या आरंभीच्या विश्वस्तांपैकी एक. त्याने १७४० मध्ये कोरमचे भव्य व्यक्तिचित्र काढून संस्थेला भेट दिले, इतर चित्रकारांनाही आपली चित्रे द्यायला लावली, आणि पुढे चिझिकच्या घरी त्याने व जेनने संस्थेतल्या मुलांना सांभाळलेही.

संस्थेत पहिली मुले मार्च १७४१ मध्ये घेतली गेली. दारात आलेल्या आयांची संख्या इतकी होती, की १७४२ मध्ये, म्हणजे हे चित्र झाले त्याच वर्षी, प्रवेशासाठी चिठ्ठ्यांसारखी एक पद्धत सुरू झाली. आईने पिशवीत हात घालून एक गोळा काढायचा. पांढरा निघाला तर मूल वैद्यकीय तपासणीनंतर आत, काळा निघाला तर मूल घेऊन परत जायचे, लाल निघाला तर थांबायचे; आधी घेतलेल्यांपैकी कोणी आजारी आढळले तर लालवाल्यांना पुन्हा संधी. एका बाजूला ही पिशवी आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅहमांच्या घरातली सोन्याचा मुलामा दिलेली गाडी. होगार्थ या दोन्ही ठिकाणी वावरत होता. मुले किती अलगद निसटून जातात हे त्याला कोणत्याही गिऱ्हाइकाने सांगण्याची गरज नव्हती. थॉमस वारला नसता तरी मांजर कदाचित त्याच खुर्चीवर आले असते असे मला वाटते, आणि उलटतपासणी यांच्या शंकेचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे.

पाचवा कोपरा

वाचतो आहे, फार दर्जेदार चर्चा. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, याच प्रकारची आणखी चित्रे आहेत का? फुलपाखरामागे धावणाऱ्या दोन मुलींचे एक चित्र नॅशनल गॅलरीतच पाहिल्याचे आठवते. दोन, या घरांत नोकर असणारच. ते चित्रांत का दिसत नाहीत? आणि अशा घरांपैकी हिंदुस्थानात गेलेल्यांची चित्रे कशी होती?

काजळरेघ

पाचवा कोपरा, आपण म्हणता ते टॉमस गेन्सबरो याचे, त्याच्या स्वतःच्या मुलींचे, १७५६ च्या सुमाराचे अपुरे राहिलेले चित्र. मेरी आणि मार्गारेट या दोघी हातात हात घालून अंधारातून बाहेर येतात; धाकटी फुलपाखराकडे झेपावते आणि ते फुलपाखरू काटेरी झुडपावर बसले आहे. तेथेही मुलांना आनंद दिसतो आणि बापाला काटे दिसतात. गेन्सबरोची पहिली मुलगी तान्हेपणीच गेली होती. तरीही ते चित्र मला होगार्थच्या चित्राहून हळवे आणि म्हणून थोडे कमी धारदार वाटते. त्यात कोणाची गल्लत होत नाही, फक्त बोटाला काटा टोचणार आहे.

होगार्थने स्वतः १७४७ मध्ये मॅकिनेन भावंडांचे चित्र काढले, ते डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तेथे कुंडीतल्या सूर्यफुलावर फुलपाखरू बसले आहे आणि बहीण-भाऊ त्याभोवती थबकले आहेत. या मुलांच्या घरची श्रीमंती अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून, आलेली होती. चित्रात त्याचा मागमूस नाही. घरगुती शांततेची चित्रे पाहताना ही शांतता कोणाच्या जिवावर आहे हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, आणि नोकरांविषयीचा आपला प्रश्न येथेच येतो. मालकाच्या पैशाने काढलेल्या चित्रांत नोकर असले तर चहाची किटली घेऊन कडेला उभे असतात. होगार्थने आपल्या घरच्या सहा नोकरांची डोकी एकाच कॅनव्हासवर रंगवली, ती लंडनच्या टेट संग्रहात आहेत. सहा चेहरे, मागे काही नाही, हातात झाडू नाही की तबक नाही. कोणी सांगितले म्हणून काढलेले ते चित्र नव्हे, आणि मला विचाराल तर त्याचे सर्वांत प्रामाणिक घरगुती चित्र तेच.

गवाक्ष

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. जर्मनीत जन्मलेला आणि १७६० मध्ये लंडनला आलेला योहान झोफनी हा या प्रकारातला पुढच्या पिढीचा मोठा चित्रकार. राणी शार्लटला आरशापुढे बसवून, भोवती तिचे दोन मुलगे वेषांतर करून खेळताना दाखवून, त्याने राजघराण्यालाही सामान्य कुटुंबासारखे घरात बसवले. १७८३ मध्ये तो हिंदुस्थानात आला. कलकत्ता आणि लखनौ येथे त्याने काही वर्षे काम केले. त्या मुक्कामातले, १७८६ सालचे, कर्नल ब्लेअरच्या कुटुंबाचे चित्र टेट संग्रहात आहे. कर्नल ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला. एक मुलगी पियानोवर बसली आहे, आई-वडील हात धरून ऐकत आहेत. उजवीकडे धाकटी मुलगी एका मांजराला कुरवाळते आहे, आणि ते मांजर एका हिंदुस्थानी मुलीच्या हातात आहे.

या हिंदुस्थानी मुलीला चित्राच्या शीर्षकात आया म्हटले आहे, पण वयाने ती ब्लेअरच्या मुलीच्याच बरोबरीची दिसते. कुटुंबातल्या सर्वांची नावे नोंदलेली आहेत, तिचे नाही. मागच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रांत सती आणि चरकपूजा (अंगात आकडे टोचून झोके घेण्याचा बंगालमधला विधी) यांची दृश्ये आहेत. म्हणजे घराच्या आत इंग्लंड, भिंतीवरच्या चौकटीत हिंदुस्थान, आणि दोहोंच्या मध्ये मांजर सांभाळणारी एक मुलगी. त्यातले मांजर निरुपद्रवी आहे. ग्रॅहमांच्या घरातल्या मांजरासारखे ते कोणावर झेपावत नाही, परंतु चित्र मला त्या चित्राइतके शांत वाटत नाही.

जुनी पेटी

गवाक्ष, त्या दोन्ही चित्रांत वाद्य आहे हेही पाहावे. पियानोवरची मुलगी स्वतः वाजवते आणि तिचे आई-वडील ऐकतात. तेथे संगीत ही घराची प्रतिष्ठा आहे. रिचर्डची पेटी स्वतःच वाजते आणि तिचे कोणीच ऐकत नाही. अ‍ॅना मारिया नाचायला उभी आहे, पण तीही आवाजापेक्षा भावाच्या उत्साहावरच नाचणार आहे असे दिसते.

उलटतपासणी

माझे मत नोंदवून ठेवतो. मांजर, पेटीवरचा ऑर्फियस आणि नजरांची मांडणी या तीन गोष्टी होगार्थने विचारपूर्वक योजल्या, हे मला पटले. त्या एकमेकींना धरून आहेत आणि चित्राच्या आतच आहेत. चांदी, चेरी आणि गोल्डफिंचची आख्यायिका यांना मी अजूनही दिवाणखान्यातले सामान समजतो. घड्याळाबाबत मात्र माझा आग्रह असा की, ते आधीपासून चित्रात होते की थॉमस गेल्यावर त्याला विळा मिळाला, यावर सगळे अवलंबून आहे, आणि ते केवळ डोळ्यांनी पाहून ठरवण्यासारखे नाही.

सांजवात

तेवढे मान्य करूनही मला हेन्रिएटाच्या हातातली चेरी सामान वाटत नाही. बाळाला दाखवायची आणि द्यायची नाही, हा खेळ प्रत्येक घरात चालतो. बाळ तो खेळ पूर्ण होण्यापूर्वी गेले हे आई-वडिलांना ठाऊक असताना ती हातातली चेरी त्यांना रोज पाहावी लागली असेल. होगार्थला ते अभिप्रेत होते की नव्हते याने त्यांच्या पाहण्यात काय फरक पडतो?

पाचवा कोपरा

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. पुढच्या महिन्यात कामानिमित्त लंडनला जाणे होणार आहे आणि एक दुपार मोकळी मिळेल. काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

काजळरेघ

नॅशनल गॅलरीपासून सुरुवात करावी. कायमच्या संग्रहाला प्रवेशशुल्क नाही. १९३४ मध्ये लॉर्ड ड्युव्हीन यांनी दिल्यापासून ग्रॅहम मुले तेथेच आहेत आणि गेन्सबरोच्या मुलीही त्याच इमारतीत आहेत, म्हणून दोन्ही एका फेरीत होतात. ग्रॅहम मुलांसमोर आधी दूर उभे राहून सगळे चित्र पाहावे आणि मग जवळ जाऊन मांजराचे पंजे व चांदीची टोपली पाहावी. छापील प्रतीत ते दोन्ही भाग चिकटल्यासारखे दिसतात. वेळ उरला तर ब्रन्सविक चौकातल्या फाउंडलिंग संग्रहालयात जावे, तेथे होगार्थने रंगवलेला कप्तान कोरम आहे. टेट ब्रिटन थोडे दूर पडते आणि तेथील चित्रे आळीपाळीने मांडली जातात, तेव्हा नोकरांची डोकी आणि ब्लेअर कुटुंब सध्या भिंतीवर आहेत का, हे निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावे.